जोडीदाराचे मानसिक आजारपण : साथ देणाऱ्यालाही साथ हवी

आपल्या धर्मग्रामात कुणाच्या मांडीचे हाड मोडले वा कुणावर हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तर रविवारच्या मिस्साबलिदानात त्यांच्यासाठी प्रार्थना होते, शेजारपाजारच्या घरांतून जेवणाचे डबे जातात आणि भेटीस येणाऱ्यांनी आणलेल्या शहाळ्यांनी खाटेखालची जागा भरून जाते. मात्र घरातील गृहिणीला मनोविकारावरील उपचारांसाठी रुग्णालयात ठेवावे लागले, तर तिचा पती शेजाऱ्यांना सांगतो, "ती माहेरी गेली आहे." पतीच रुग्ण असेल, तर "ते कामानिमित्त बाहेरगावी आहेत," असे पत्नी सांगते. पुरोहितपदाच्या पंचवीसेक वर्षांत हे वाक्य आम्ही किती उंबरठ्यांवर ऐकले, याची गणती नाही. ते उच्चारणाऱ्याला आम्ही खोटारडा म्हणणार नाही. आपल्या जोडीदाराची अब्रू झाकण्यासाठी तो ते बोलत असतो. परंतु त्या एका वाक्याने घराचे दार आतून बंद होते आणि मग डबा घेऊन कुणीही येत नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही रुग्णाविषयी लिहिणार आहोतच. पण त्याहून अधिक लिहिणार आहोत ते त्या बंद दाराआड रुग्णाची सोबत करणाऱ्या पतीविषयी किंवा पत्नीविषयी.

प्रथम एक कबुली देणे आम्हांस आवश्यक वाटते. या शतकाच्या प्रारंभी आम्ही सहायक धर्मगुरू असताना एक भगिनी आम्हांला भेटावयास आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.) तिचा पती रात्र-रात्र झोपत नव्हता, अखंड बोलत होता, उधारीवर दोन टेम्पो घेण्याचा सौदा त्याने ठरवला होता आणि विरोध करणाऱ्या वडिलांच्या अंगावर तो धावून गेला होता. तिचे म्हणणे आम्ही सहानुभूतीने ऐकून घेतले, तिला धीर दिला, नोव्हेना करण्यास सांगितले, पतीशी नम्रतेने वागण्याचा उपदेश केला आणि आशीर्वाद देऊन घरी पाठवले. तो किती रात्री झोपलेला नाही, हे आम्ही विचारले नाही. सेमिनरीत ईशज्ञानाबरोबर मानसशास्त्राचेही धडे आम्ही गिरवले होते. तरी समोर बसलेल्या स्त्रीच्या सांगण्यात एका आजाराची सारी लक्षणे आहेत, हे आमच्या ध्यानी आले नाही. दोन महिन्यांनी, परिचारिका असलेल्या तिच्या नणंदेने त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. तोवर घर कर्जात बुडाले होते. पुढे बऱ्याच वर्षांनी ती भगिनी आम्हांला म्हणाली, "फादर, त्या दिवशी तुम्ही एवढंच म्हणाला असता ना, की त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा, तर सासूबाईंनी तुमचं ऐकलं असतं. माझं कोण ऐकणार होतं?"

हा लेख लिहिण्यामागे तिचा तो प्रश्न आहे.

आळस नव्हे, हट्टही नव्हे

गंभीर मानसिक आजार असे म्हणताना आमच्या नजरेसमोर मुख्यतः तीन आजार आहेत. पहिला स्किझोफ्रेनिया. यात रुग्णाला इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या वाईटावर टपले आहे अशी त्याची पक्की खात्री होते, बोलण्यातील सुसंगती हरवते. आणि पुढे पुढे तो अबोल, निरिच्छ होत जातो, अंघोळीचाही त्याला कंटाळा येतो. दुसरा बायपोलर विकार. यात काही काळ उन्मादाचा आणि काही काळ नैराश्याचा असतो व मधल्या काळात माणूस पूर्णपणे आपला नेहमीचा असतो. वर उल्लेखिलेल्या पतीला हाच आजार होता. तिसरे तीव्र नैराश्य, ज्यात झोप, भूक, उमेद आणि शेवटी जगण्याची इच्छाही नाहीशी होऊ लागते.

हे आजार विरळा नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्राचा त्या १२ राज्यांत समावेश नव्हता, तरी त्यातील चित्र आपल्याला अनोळखी वाटणार नाही. पाहणीच्या वेळी १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता; आणि तीव्र मानसिक विकार असलेल्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश लोक उपचारांविना होते.

आजाराची पहिली चिन्हे बहुधा जोडीदाराच्याच दृष्टीस पडतात. आणि त्यांचा चुकीचा अर्थ लावण्याची शक्यताही त्याच्याच बाबतीत सर्वाधिक असते. शेजाऱ्याला जो माणूस केवळ अबोल झालेला दिसतो, तो पत्नीला 'माझ्याशी बोलत नाही' असा दिसतो. स्वयंपाकघरात हात न चालणारी पत्नी पतीला 'मला किंमत न देणारी' वाटते. शिवाय काही रुग्णांच्या मनात जोडीदाराच्या चारित्र्याविषयीच संशय घर करतो. वीस वर्षे निष्ठेने संसार केलेल्या स्त्रीला पतीच्या तोंडून तसले आरोप ऐकावे लागतात, तेव्हा हे त्याचे बोलणे नसून आजाराचे आहे, हे तिला कुणीतरी बाहेरच्या माणसाने स्पष्टपणे सांगावे लागते. स्वतःहून ते उमगणे फार कठीण आहे.

येथे एक गोष्ट थोडी कठोरपणे लिहावी लागत आहे. "लग्न करून द्या, म्हणजे ठीक होईल," हा आपल्या समाजात आजही सर्रास दिला जाणारा सल्ला आहे. मुलाला वा मुलीला गोळ्या चालू आहेत, हे दुसऱ्या पक्षाला न सांगता सोयरीक जुळवली जाते. लग्नाच्या गडबडीत गोळ्या बंद केल्या जातात, सलग जागरणे होतात आणि महिनाभरात आजार उफाळून येतो. मग नव्या सुनेच्या पायगुणाला दोष लागतो! विवाह हा संस्कार आहे, औषध नव्हे. महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेली संमती ही धर्मनियमांच्या दृष्टीनेही गंभीर बाब असून, धर्मसंहितेच्या १०९८ व्या कलमात अशा फसवणुकीचा विचार केलेला आहे. याउलट, आजाराची कल्पना देऊन, उपचार नियमित ठेवून झालेले आणि उत्तम चाललेले संसार आम्ही पाहिले आहेत. विवाहाच्या वेळी मन निरोगी असताना पुढे दहा वर्षांनी आजार उद्भवला, तर तो विवाह त्यामुळे रद्दबातल ठरत नाही, हेही येथे नमूद केलेले बरे. कारण नातेवाईक सर्वप्रथम तोच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात.

घरातील बोलणे

रुग्ण सांगतो, "समोरच्या बिल्डिंगमधून माझ्यावर पाळत आहे." यावर जोडीदाराने काय म्हणावे? वाद घातल्याने ती समजूत ढळत नाही, उलट आपलाच माणूस शत्रूला सामील आहे असे रुग्णास वाटू लागते. होकार भरला, तर समजूत बळावते. तज्ज्ञ मंडळी मधला मार्ग सुचवतात. "मला तसं काही दिसत नाही, पण तुम्हाला भीती वाटतेय हे मला कळतंय. मी इथेच आहे." भीती खरी असते, तिचे कारण खरे नसते, तेव्हा उत्तर भीतीला द्यावे. हे लिहिणे सोपे आहे. रात्री तीन वाजता, दिवसभराच्या कामानंतर, चौथ्यांदा असे उत्तर देणे किती अवघड आहे, याची आम्हांस जाणीव आहे.

घरातील वातावरणाचा आजारावर काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर अभ्यास लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात सुरू केला. रुग्णालयातून सुटलेले स्किझोफ्रेनियाचे जे रुग्ण आईवडिलांकडे वा पत्नीकडे परतले, ते भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहावयास गेलेल्यांपेक्षा अधिक प्रमाणात पुन्हा आजारी पडत, असे त्याला आढळले. ही गोष्ट प्रथमदर्शनी धक्कादायक वाटते. पुढील संशोधनातून उलगडा झाला तो असा : जवळच्या माणसांच्या घरात प्रेमाबरोबरच सततची टीका, चिडचीड आणि अतिकाळजीही असते, आणि सावरत असलेल्या मनाला तो भार पेलवत नाही. १९७६ साली व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी दाखवून दिले, की अशा तणावाच्या घरातही रुग्ण आणि नातेवाईक आठवड्यात ३५ तासांपेक्षा कमी वेळ समोरासमोर असतील, तर आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते. १९८० च्या दशकात डॉ. नरेंद्र विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंडीगड परिसरात असाच अभ्यास केला. तेथील कुटुंबांत टीकेचे प्रमाण पाश्चात्त्य कुटुंबांपेक्षा कमी आढळले.

या संशोधनाचा अर्थ 'कुटुंबामुळे आजार होतो' असा मुळीच नाही, हे आम्ही ठळकपणे सांगू इच्छितो. त्याचा व्यवहारातला अर्थ निराळा आहे. पत्नीने नोकरी सोडून चोवीस तास पतीच्या उशाशी बसणे ही नेहमीच त्याची सेवा ठरते असे नाही. तिचे रोज सकाळी शाळेत शिकवायला जाणे, बाजारात भाजी विकायला जाणे, संध्याकाळी गायनवृंदाच्या सरावाला जाणे, हे दोघांच्याही हिताचे असू शकते. "नवरा आजारी आणि ही गाणी म्हणतेय," असे कुजबुजणाऱ्यांनी वरील ३५ तासांचा आकडा ध्यानात घ्यावा.

या संदर्भात प्रिन्स्टनचे गणितज्ञ जॉन नॅश आणि त्यांच्या पत्नी ॲलिसिया यांचे उदाहरण पुष्कळांना चित्रपटामुळे ठाऊक आहे. त्यांचा विवाह १९५७ साली झाला आणि दोन वर्षांत नॅश स्किझोफ्रेनियाने आजारी पडले. चित्रपटात ॲलिसिया अखंड सोबत राहतात. प्रत्यक्षात १९६३ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला होता. परंतु १९७० मध्ये, नॅश निराधार झाल्यावर, त्यांनीच त्यांना आपल्या घरात आसरा दिला. तेथे त्यांना दोन वेळचे जेवण आणि निवांतपणा मिळाला. दोन दशकांत नॅश हळूहळू सावरले, १९९४ साली त्यांना नोबेल स्मृती पुरस्कार मिळाला, २००१ मध्ये दोघांनी पुन्हा विवाह केला आणि २०१५ मध्ये एकाच मोटार अपघातात दोघांचा अंत झाला. नॅश यांनी १९७० नंतर औषधे घेतली नव्हती. तो अपवाद आहे, तो कुणीही कित्ता म्हणून गिरवू नये.

गोळ्या, झोप आणि उपवास

या आजारांवर औषधे आहेत आणि ती बहुसंख्य रुग्णांना उपयोगी पडतात. ती केव्हा सुरू होतात यापेक्षा केव्हा बंद केली जातात, हाच बहुतेक घरांतील खरा प्रश्न असतो. रुग्णाला बरे वाटू लागते, "आता कशाला गोळ्या?" असे कुणीतरी पाहुणा म्हणतो, आणि दोन-चार महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. कधीकधी गोळ्या सोडण्यामागे न सांगितलेले कारण असते. वजन वाढणे, हात थरथरणे, दिवसभर गुंगी असणे, पती-पत्नीच्या शरीरसंबंधात अडचण येणे. यातील शेवटचे कारण लाजेपोटी डॉक्टरांना कुणी सांगत नाही. ते जोडीदाराने सांगावे. औषध वा त्याचे प्रमाण बदलता येते. रोज गोळी घेणे जमतच नसेल, तर काही औषधांची दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यावयाची इंजेक्शनेही मिळतात. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण येण्यास मात्र काही आठवडे लागतात, चार दिवसांत निराश होऊन त्या थांबवू नयेत.

बायपोलर विकारावर लिथियम हे औषध अनेकांना दिले जाते. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी त्याचा गुण प्रथम नोंदवला. हा एक क्षार आहे आणि त्याचे रक्तातील प्रमाण काटेकोरपणे राखावे लागते; कमी झाल्यास उपयोग नाही, वाढल्यास विषबाधा होते. त्यासाठी ठरावीक काळाने, शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी, रक्त तपासावे लागते आणि थायरॉइड व मूत्रपिंडाच्या तपासण्याही कराव्या लागतात. शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले, की लिथियम वाढते. म्हणून जुलाब-उलट्या झाल्यास, मे महिन्याच्या उन्हात खूप घाम गेल्यास किंवा अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणल्यास डॉक्टरांना कळवले पाहिजे. प्रायश्चित्तकाळातील उपवासाचेही तेच. राखेच्या बुधवारी व गुड फ्रायडेला आजाऱ्यांना उपवासातून मोकळीक आहे, आणि हा माणूस आजारी आहे. भक्तीपोटी पाण्याविना दिवस काढणाऱ्या रुग्णाला त्याच्या धर्मगुरूंनी स्पष्ट शब्दांत थांबवावे. अपत्याची अपेक्षा असलेल्या दांपत्याने तर आधीच डॉक्टरांशी बोलावे. सोडियम व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपाय करणारे आहे.

झोपेविषयी एक शब्द. बायपोलर विकारात झोप कमी होणे हे उन्मादाचे पहिले लक्षणही असते आणि त्याला निमंत्रणही. आपल्याकडची लग्ने तीन-तीन दिवस चालतात, नाताळाच्या आठवड्यात मध्यरात्री उलटून जातात. अशा वेळी जोडीदाराने आपल्या माणसाला रात्री दहाला घरी आणले, तर त्यांना 'मानापमान कळत नाही' असे म्हणू नये.

आणखी एक भीती 'शॉक'ची. जुन्या चित्रपटांमुळे ती लोकांच्या मनात घट्ट बसली आहे. भूल न देता ही उपचारपद्धती वापरण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई केलेली आहे. भूल देऊन, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिलेला हा उपचार, विशेषतः तीव्र नैराश्यात, प्राण वाचवणारा ठरतो.

बरे असताना करावयाची कामे

वर उल्लेखिलेला २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. दांपत्यांनी त्यातील दोन तरतुदी जरूर समजून घ्याव्यात. पहिली, आगाऊ निर्देश. आपण पुन्हा आजारी पडलो, तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे व्यक्ती विचार करण्यास समर्थ असताना लेखी नमूद करू शकते. दुसरी, नामनिर्देशित प्रतिनिधी. आजारपणात आपल्या वतीने कुणी बोलावे, हे तिला आधी ठरवता येते. हा प्रतिनिधी पती किंवा पत्नीच असावा असे बंधन नाही. कित्येकदा विश्वासू भाऊ वा बहीण अधिक योग्य ठरते, म्हणजे बळजबरीने दाखल केल्याचा राग संसारावर निघत नाही. रुग्णाचा नकार असताना, पण स्वतःला वा इतरांना गंभीर धोका असताना, प्रतिनिधीच्या अर्जावरून व दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर प्रथम ३० दिवसांपर्यंत दाखल करून घेता येते. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण देण्यास बांधील केले आहे. तसेच २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजाराचा समावेश आहे.

पैशांचे आणि जमिनीचे बोलणेही बरे असतानाच करावे. उन्मादाच्या भरात माणूस उदार होतो, मोठमोठे सौदे करतो, सातबारावरील जमिनीचा विसार घेऊन बसतो. १८७२ च्या करार कायद्यानुसार करार करताना माणसाचे मन ठिकाणावर असावे लागते हे खरे. पण ते ठिकाणावर नव्हते, हे नंतर न्यायालयात सिद्ध करण्यात आयुष्य जाते. त्यापेक्षा दोघांनी मिळून, शांतपणे, आधीच ठरवावे : मोठी रक्कम दोघांच्या सहीशिवाय निघणार नाही, मूळ कागदपत्रे अमुक नातलगाकडे राहतील, आणि सलग दोन रात्री झोप लागली नाही तर तिसऱ्या दिवशी न वाद घालता डॉक्टरांकडे जायचे. आमच्या परिचयातील एका दांपत्याने हे सारे एका वहीत लिहून खाली दोघांनी सह्या केल्या आहेत. आजारी पडण्याच्या वेळी पती ती वही फेकून देतो. पण डॉक्टरांकडे जातो.

धोक्याच्या वेळी

जोडीदाराच्या बोलण्यात मरणाचा विषय येऊ लागला, तो आपल्या वस्तू वाटून टाकू लागला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर त्याला सरळ विचारावे : "जीव द्यावा असं मनात येतं का?" असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही; उलट पुष्कळांना ते बोलता आल्याने हायसे वाटते. शेतीची कीटकनाशके घरातून हलवावीत, गोळ्या कुलपात ठेवाव्यात, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक साथ देणाऱ्यांसाठीही आहे. प्रसूतीनंतर पहिल्या काही आठवड्यांत पत्नी झोपेनाशी झाली, असंबद्ध बोलू लागली, बाळाविषयी भलतेसलते सांगू लागली, तर ते 'बाळंतवाताचे' म्हणून घरी थांबू नये. ती तातडीने रुग्णालयात न्यावयाची अवस्था आहे, आणि उपचारांनी ती बरी होते.

मारहाणीबाबत आमचे मत असंदिग्ध आहे. बहुसंख्य मानसिक रुग्ण हिंसक नसतात. परंतु ज्या घरात हिंसा होते, तेथे पत्नीने वा मुलांनी मार खात राहणे हा क्रूस नव्हे. जोडीदारामुळे देहाला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्याची मुभा धर्मसंहितेचे ११५३ वे कलम देते. वेगळ्या छपराखाली राहूनही औषधांची, डॉक्टरांच्या भेटींची काळजी घेता येते. विवाहाच्या दिवशी आजारपणात साथ देण्याचे जे वचन दिले जाते, ते साथ देण्याचे आहे. बरे करून दाखवण्याचे वचन कुणी दिलेले नसते, आणि एकट्याने सोसण्याचेही नाही.

साथ देणाऱ्याचे दुःख

निरोगी जोडीदाराचे दुःख विचित्र असते. ज्या माणसाशी लग्न केले तो समोर बसलेला असतो आणि तरीही हरवलेला असतो. विधवेला रडण्याची मुभा आहे, हिला नाही. घरचे निर्णय, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचे टोमणे, बँकेचे हप्ते हे सारे तिच्या एकटीच्या खांद्यावर येते, आणि त्यातच तिला जोडीदाराचा रागही येतो. राग आल्याबद्दल अपराधी वाटून अनेक भगिनी आणि बंधू पापनिवेदनास येतात. दमलेल्या माणसाला राग येणे हे पाप नव्हे, असे आम्ही त्यांना सांगतो आणि शेवटचे जेवण कधी केले ते विचारतो. मुलांपासून आजार लपवू नये. "बाबांच्या मेंदूला आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, डॉक्टर औषध देत आहेत," एवढे सहा वर्षांच्या मुलालाही समजते. न सांगितल्यास ते स्वतःलाच दोषी धरते.

या एकटेपणातून वाट काढणाऱ्या एका मराठी माणसाचा उल्लेख येथे केला पाहिजे. मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. वर्षानुवर्षे शुश्रूषा करताना आलेला अनुभव त्यांनी घरात कोंडून ठेवला नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था त्यांनी उभी केली, जेथे रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसून आपापली सुखदुःखे मराठीतून बोलू लागले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटामागेही त्यांचीच प्रेरणा होती. डॉ. वाणी २०१७ मध्ये निवर्तले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्थाही आमच्या वाचकांना जवळची आहे; आणि खाजगी उपचारांचा खर्च न झेपणाऱ्यांसाठी ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. गोव्यातील बंधुभगिनींसाठी बांबोळी येथे शासकीय संस्था आहे.

धर्मगुरू आणि धर्मग्राम

आता आमच्याकडे वळू. करणी, बाधा, सैतानी शक्ती या कल्पना ख्रिस्ती घरांतही जिवंत आहेत. रुग्णाला या प्रार्थनासभेतून त्या प्रार्थनासभेत फिरवण्यात महिने जातात. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाच्या १६७३ व्या परिच्छेदात मानसिक आजार ही वेगळी बाब असून त्यावरील उपचार हे वैद्यकशास्त्राचे काम आहे, असे स्पष्ट म्हटलेले आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००६ च्या जागतिक रुग्ण दिनाचा संदेश मानसिक रुग्णांनाच वाहिला होता. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना रुग्णाभ्यंग संस्कारही देता येतो. तो मागण्यास कुणी संकोच करू नये. प्रार्थना अवश्य करावी, गोळीबरोबर करावी.

ज्यांना आजाराची लाज वाटते, त्यांनी लिझिएच्या संत तेरेजेच्या पित्याचे, संत लुई मार्टिन यांचे स्मरण करावे. १८८९ ते १८९२ अशी तीन वर्षे ते कां शहरातील मनोरुग्णालयात होते. मुली एकामागून एक मठात गेल्यामुळे त्यांचे डोके फिरले, अशी कुजबुज त्यांच्या गावात होती. २०१५ मध्ये त्यांना पत्नी झेली यांच्यासह संतपद देण्यात आले.

धर्मग्रामाने काय करावे, हे आम्ही त्या भगिनीलाच विचारले, जिच्या कबुलीने हा लेख सुरू झाला. नव्हे, आमच्या कबुलीने. तिचे पती आज लिथियमवर आहेत, कर्ज फिटले आहे, मधल्या काळात दोनदा आजार उलटला आणि दोन्ही वेळा लवकर आटोक्यात आला. तिने थोडा विचार केला. पती रुग्णालयात असताना समोरच्या घरातील एक वृद्ध बाई तीन आठवडे रोज सकाळी तिच्या दोन्ही मुलांना शाळेत सोडून येत असे, असे तिने सांगितले. त्या बाईने पतीविषयी एकही प्रश्न विचारला नाही. चौथ्या आठवड्यात तिने फक्त एवढेच म्हटले, "तुझा नवरा घरी आला की सांग, मी मासे घेऊन येते." आणि ती घेऊन आली.